पेट्रोपाव्हलॉव्हस्क (युद्धनौका)

पेट्रोपाव्हलॉव्हस्क : रशियाच्या झारकालीन आरमारातील एक चिलखती युद्धनौका. जलावतरण १८९४. रशिया–जपान युद्धात १३ एप्रिल १९०४ रोजी (जुन्या रशियन कालगणनेप्रमाणे ३१ मार्च) पोर्ट आर्थर बंदराबाहेर जपानी पाणसुरुंगावर आदळून ती सु. दोन मिनिटांत बुडाली. तिच्याबरोबर रशियाच्या पॅसिफिक आरमाराचा सेनापती व्हाइस ॲडमिरल स्टेपान ओसिपोव्हिच मकारॉव्ह (१८४९–१९०४), त्याचे बहुतेक सहकारी अधिकारी, ख्यातनाम चित्रकार व्हसीली व्हेरेश्चागिन (१८४२–१९०४) आणि साडेसहाशेच्या आसपास खलाशी मृत्यू पावले. या युद्धात दोन्ही पक्षांनी अनेक मोठ्या नौका गमावल्या. परंतु पेट्रोपाव्हलॉव्हस्कचे बुडणे हे केवळ एका नौकेचे नुकसान नव्हते. तिच्या तोडीच्या आणखी नौका पोर्ट आर्थरमध्ये होत्या. मकारॉव्हच्या तोडीचा दुसरा सेनापती मात्र तेथे नव्हता.

कामचटका द्वीपकल्पावरील पेट्रोपाव्हलॉव्हस्क या बंदरावर क्रिमियन युद्धात, १८५४ साली, ब्रिटिश व फ्रेंच आरमारांनी केलेला हल्ला तेथील लहानशा रशियन शिबंदीने परतवून लावला होता. त्या विजयाच्या स्मरणार्थ नौकेला हे नाव देण्यात आले.

बांधणी व शस्त्रसामग्री : १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका तयार झाली आणि तिच्यापूर्वीच्या सर्व मोठ्या युद्धनौका एकाएकी जुनाट ठरल्या. अशा नौकांना पुढे ‘प्री-ड्रेडनॉट’, म्हणजे ड्रेडनॉटपूर्व, असे म्हटले जाऊ लागले. पुढे व मागे एकेका फिरत्या बुरुजात दोन-दोन मोठ्या तोफा, दोन्ही बाजूंना मध्यम तोफांची रांग, विनाशिकांना दूर ठेवण्यासाठी अनेक लहान तोफा आणि जलरेषेवर पोलादी चिलखताचा जाड पट्टा हा या वर्गाचा सर्वसाधारण साचा होय. पेट्रोपाव्हलॉव्हस्क ही या साच्यातील नौका असून पोल्टाव्हा व सेव्हास्टोपोल या तिच्या जोडनौका होत्या. तिन्ही नौका सेंट पीटर्झबर्ग येथे बांधण्यात आल्या. बांधणीचे काम १८९२ मध्ये सुरू झाले. पण रशियन गोद्यांच्या नेहमीच्या संथपणामुळे ती प्रत्यक्ष सेवेत येण्यास १८९९ साल उजाडले.

नौकेची लांबी सु. ११४ मी. व रुंदी २१ मी. होती. मूळ आराखड्यातील विस्थापन १०,९६० टन होते. पूर्ण झालेली नौका त्याहून सु. ४०० टनांनी जड भरली. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या दोन वाफ एंजिनांना १६ बाष्पित्रे वाफ पुरवीत आणि तिचा कमाल वेग ताशी १६ सागरी मैलांहून थोडा अधिक होता. मुख्य तोफा ३०५ मिमी. व्यासाच्या चार होत्या. १५२ मिमी. व्यासाच्या बारा तोफांपैकी आठ दुहेरी बुरुजांत व उरलेल्या चार नौकेच्या बाजूंना बसविलेल्या होत्या. यांशिवाय ४७ व ३७ मिमी. व्यासाच्या अडतीस लहान तोफा आणि सहा पाणतीर-नळ्या तिच्यावर होत्या. जलरेषेवरील चिलखताची जाडी सर्वाधिक जागी सु. ४० सेंमी. होती. परक्या किनाऱ्यावर नांगरून राहण्याची वेळ आल्यास आजूबाजूच्या पाण्यात पेरता यावेत म्हणून सु. ५० पाणसुरुंगही नौकेच्या पोटात ठेवण्याची सोय होती. या शेवटच्या गोष्टीला पुढे दुर्दैवी महत्त्व आले.

या नौकांच्या आराखड्यामागील कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. शत्रूचा तोफगोळा हवेतून येतो आणि जलरेषेच्या थोडा वर किंवा थोडा खाली आदळतो, हे गृहीत धरून सर्व चिलखत तेथे एकवटलेले असे. पाण्याखालच्या भागाला दुहेरी तळ व आतील पोलादी पडदे एवढाच आधार होता. शिवाय जड तोफांचे दारूगोळा कोठार गोळ्यांपासून सुरक्षित राहावे म्हणून जलरेषेच्या खाली, अगदी तळाजवळ, बुरुजाच्या बरोबर खाली ठेवलेले असे. तोफगोळ्याच्या दृष्टीने ही जागा सर्वांत सुरक्षित होती, तर पाणसुरुंगाच्या दृष्टीने सर्वांत उघडी.

पूर्वेकडील सेवा : १८९५ च्या युद्धात जपानने चीनकडून जिंकलेले लिआउडुंग द्वीपकल्प रशिया, फ्रान्स व जर्मनी यांच्या दडपणामुळे जपानला सोडावे लागले आणि तीनच वर्षांनी रशियाने ते चीनकडून भाडेपट्ट्याने घेतले. त्याच्या टोकावरील पोर्ट आर्थर (सध्याच्या चीनमधील लूशुन) हे रशियाचे पूर्वेकडील प्रमुख आरमारी ठाणे बनले. व्ह्लॅडिव्हस्टॉकप्रमाणे ते हिवाळ्यात गोठत नसे. पण त्याचे मुख अरुंद व उथळ असल्याने मोठ्या नौकांना केवळ भरतीच्या वेळीच आत-बाहेर करता येई. पेट्रोपाव्हलॉव्हस्क १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिक समुद्रातून निघून मे १९०० मध्ये येथे पोहोचली आणि पॅसिफिक आरमाराची ध्वजनौका झाली. त्याच वर्षी चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी परकीय राष्ट्रांनी केलेल्या लष्करी कारवाईस तिने साहाय्य केले. त्यापुढील तीन वर्षांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. काटकसरीच्या धोरणामुळे आरमार वर्षातील बराच काळ बंदरात पडून असे व खलाशांचा सराव तुटत असे.

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी विनाशिकांनी युद्धाची घोषणा होण्यापूर्वीच पोर्ट आर्थरवर हल्ला केला. व्हाइस ॲडमिरल ऑस्कर स्टार्क याच्या हाताखालील रशियन आरमार तेव्हा बंदराच्या आत नव्हे, तर बाहेरच्या उघड्या नांगरतळावर उभे होते. रेटव्हिझान व त्सेसारेव्हिच या दोन सर्वांत नव्या युद्धनौका आणि पालाडा ही क्रूझर पाणतीर लागून जायबंदी झाल्या. पेट्रोपाव्हलॉव्हस्क त्या रात्री बचावली व दुसऱ्या दिवशी झालेल्या तोफांच्या लढाईतही तिला किरकोळ इजाच झाली. विशेष म्हणजे, बाहेरच्या नांगरतळावर नौका उभ्या ठेवणे धोक्याचे आहे, असा स्पष्ट इशारा देणारे पत्र मकारॉव्हने त्याच दिवशी क्रॉनश्टाट येथून आरमार खात्याला लिहिले होते. पत्राची दखल घेतली जाण्यापूर्वीच ते खरे ठरले. स्टार्कला दूर करून त्याच्या जागी मकारॉव्हची नेमणूक झाली.

मकारॉव्ह हा खानदानी सरदार नव्हता. त्याचा बाप आरमारात खालच्या पायरीवरून वर चढलेला होता आणि मुलानेही केवळ गुणांच्या बळावर पद मिळविले होते. फुटलेल्या नौकेच्या भोकावर बाहेरून ओढून बसविण्याचे जाड जाजम त्याने तरुणपणीच तयार केले आणि जायबंदी नौका तरती कशी ठेवावी, हा त्याचा आयुष्यभराचा अभ्यासविषय राहिला. १८७७-७८ च्या रशिया–तुर्कस्तान युद्धात मोठ्या जहाजावरून लहान वाफनौका नेऊन रात्री शत्रूवर सोडण्याची पद्धत त्याने वापरली आणि जानेवारी १८७८ मध्ये बाटूम येथे स्वयंचलित पाणतिरांनी एक तुर्की जहाज बुडविले. बॉस्पोरस सामुद्रधुनीतील वरच्या व खालच्या परस्परविरुद्ध प्रवाहांचे त्याने केलेले संशोधन, ‘व्हित्याझ’ नौकेवरून केलेली पॅसिफिक महासागराची निरीक्षणे व ‘यर्माक’ ही बर्फफोडी नौका यांमुळे शास्त्रज्ञांतही त्याला मान होता. चिलखतभेदी गोळ्याच्या टोकावर मऊ धातूची टोपी बसविण्याची कल्पनाही त्याचीच. आरमारी डावपेचांवरील त्याच्या ग्रंथाची भाषांतरे झाली होती व जपानी अधिकारी तो ग्रंथ अभ्यासत. थोडक्यात, सुरुंग आणि पाणतीर यांची ताकद व पाण्याखालून फुटलेल्या नौकेची दुर्बलता या दोन्ही गोष्टी त्याच्याइतक्या जाणणारा दुसरा मनुष्य त्या काळी रशियन आरमारात क्वचितच असेल.

मकारॉव्ह ८ मार्च रोजी पोर्ट आर्थरला पोहोचला. दोनच दिवसांनी, जपानी विनाशिकांच्या तावडीत सापडलेल्या ‘स्तेरेगूश्ची’ या रशियन विनाशिकेच्या मदतीस तो ‘नोव्हिक’ या लहान क्रूझरवरून स्वतः धावून गेला. ती नौका वाचली नाही. परंतु सेनापती स्वतः पुढे जातो, हे खलाशांनी पाहिले. ज्या आरमाराला बंदराबाहेर पडण्यास दोन भरत्या लागत, ते एका भरतीत बाहेर काढण्याचा सराव त्याने करून घेतला. २२ मार्च रोजी जपानी युद्धनौकांनी मधल्या डोंगराआडून बंदरावर तोफा डागल्या, तेव्हा डोंगरावर टेहळे बसवून बंदरातील रशियन नौकांनी न दिसणाऱ्या शत्रूवर नेमके गोळे टाकले. ही व्यवस्थाही त्याचीच होती. सर्व काही एका महिन्यात सुधारले, असे मात्र म्हणता येत नाही. २६ मार्चच्या सरावात सेव्हास्टोपोल व पेरेस्व्हेट या नौकांची आपसांतच टक्कर झाली. तरीही मकारॉव्हच्या काळात पोर्ट आर्थरचे आरमार पुन्हा समुद्रावर दिसू लागले होते, याबद्दल दोन्ही पक्षांच्या अभ्यासकांत दुमत नाही.

बुडण्याची घटना : रशियन नौका बाहेर पडल्या की किनाऱ्यावरील तोफांच्या छायेत ठराविक मार्गानेच फेऱ्या मारतात, हे जपानी आरमारप्रमुख टोगो हेहाचिरो याच्या टेहळ्यांच्या लक्षात आले होते. १२ एप्रिलच्या रात्री, पावसाळी काळोखात, ‘कोऱ्यो मारू’ या सुरुंग पेरणाऱ्या जहाजाने नेमक्या त्याच मार्गावर सुरुंग टाकले. त्या काळचा पाणसुरुंग हा स्फोटकांनी भरलेला, हवेच्या पोकळीमुळे तरंगणारा धातूचा गोळा असे. तळाशी टेकलेल्या नांगराला तो तारदोराने बांधलेला असून पृष्ठभागाखाली काही हातांवर, वरून न दिसणारा, उभा राही. नौकेचा स्पर्श झाला की सुरुंग पेटे. एका मोठ्या युद्धनौकेच्या किंमतीच्या तुलनेत अशा सुरुंगाची किंमत नगण्य होती.

मकारॉव्ह त्या रात्री बंदराच्या तोंडाशी पहाऱ्यावर असलेल्या ‘डिआना’ क्रूझरवर होता. शोधदिव्यांच्या प्रकाशात पावसाआड काही आकृत्या हलताना दिसल्या. गोळीबाराची परवानगी मागण्यात आली. परंतु त्या रात्री त्याच्याच विनाशिका बाहेर गेलेल्या होत्या. त्या वाट चुकून परतत असाव्यात, या शंकेने त्याने तोफा डागू दिल्या नाहीत. ती जागा नोंदवून ठेवावी व सकाळी तेथील पाणी तपासावे, असे मात्र त्याने सांगितले.

सकाळ वेगळ्याच गडबडीत उजाडली. ‘स्त्राश्नी’ ही रशियन विनाशिका रात्री आपल्या ताफ्यापासून चुकली होती. अंधारात शेजारच्या नौका आपल्याच समजून ती जपानी विनाशिकांबरोबर चालत राहिली आणि उजाडताच ओळख पटून तिच्यावर चोहोबाजूंनी मारा झाला. तिच्या मदतीस गेलेल्या ‘बायान’ क्रूझरला अवघे पाच जण वाचविता आले. बायानमागोमाग मकारॉव्ह पेट्रोपाव्हलॉव्हस्कवरून बाहेर पडला. इतर नौका जसजशा बंदरातून निघत गेल्या तसतशा त्याला येऊन मिळाल्या. नोंदविलेल्या जागेची तपासणी या घाईत राहून गेली. जपानी क्रूझरांचा पाठलाग करीत रशियन ताफा पुढे गेला, तेव्हा क्षितिजावर टोगोचे मुख्य आरमार दिसू लागले. संख्याबळ पाहून मकारॉव्ह किनाऱ्यावरील तोफांच्या आश्रयास माघारी वळला. येथपर्यंतचा त्याचा प्रत्येक निर्णय लढवय्या सेनापतीस शोभणारा होता. परंतु परतीचा मार्ग तोच नेहमीचा होता.

पावणेदहाच्या सुमारास नौकेच्या पुढील भागाखाली स्फोट झाला. पाठोपाठ अधिक मोठे स्फोट होऊन पुढचा बुरूज, डोलकाठी व धुराडी धूर आणि ज्वाळांत नाहीशी झाली. पुढील दारूगोळा कोठार पेटले, तसेच नौकेतील पाणतीर व सुरुंगही फुटले असावेत, असा बहुतेक तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. त्यानंतर बाष्पित्रेही फुटली. नाळ पाण्यात गेली, मागचा भाग वर उचलला गेला आणि हवेत फिरणारे पंखे किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांना दिसले. पहिल्या स्फोटापासून सु. दोन मिनिटांत नौका दिसेनाशी झाली. एवढ्या वेळात होड्या सोडणे अशक्यच होते. २७ अधिकारी व सु. ६५० खलाशी दगावले आणि सु. ८० जण वाचले. वाचलेल्यांत नौकेचा कप्तान निकोलाय याकोव्हल्येव्ह आणि झारचा चुलतभाऊ ग्रँड ड्यूक किरिल व्हलादिमिरोव्हिच हे होते. मकारॉव्हचा केवळ कोट पाण्यावर तरंगताना सापडला.

काही वेळाने ‘पोब्येडा’ या युद्धनौकेखालीही सुरुंग फुटला. ती एका बाजूस कलली, परंतु स्वतःच्या बळावर बंदरात परतली. दोन नौकांच्या दैवातील हा फरक बोलका आहे. पोब्येडाखालील स्फोट दारूगोळ्यापर्यंत पोहोचला नाही, पेट्रोपाव्हलॉव्हस्कखालील पोहोचला. शत्रूच्या पाणबुड्या आल्या आहेत, अशी त्या वेळी ताफ्यात आवई उठली आणि घाबरलेल्या गोलंदाजांनी पाण्यात दिसेल त्या वस्तूवर तोफा झाडण्यास सुरुवात केली. प्रत्यक्षात या युद्धात कोणत्याही पाणबुडीने हल्ला केला नाही.

या दुर्घटनेचा दोष कोणाकडे जातो, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मकारॉव्हने रात्री गोळीबार टाळला, हे समर्थनीय आहे. स्वतःच्या नौकांवर तोफा डागल्याची उदाहरणे त्या युद्धात होती. पण शंकास्पद जागा साफ केल्याविना ध्वजनौका तेथून दोनदा नेणे ही चूक होती आणि तिचे उत्तरदायित्व त्याच्यावरच येते. तो स्वतः नौकेवरून नौकेवर, दिवसरात्र, प्रत्येक गोष्ट जातीने पाहत असे. मागे राहून त्याच्या आज्ञेचा पाठपुरावा करील, अशी यंत्रणा उभी करण्यास त्याला पाच आठवडेच मिळाले. एका माणसाच्या तडफेवर चाललेल्या आरमाराची ही दुखरी बाजू होय.

व्हेरेश्चागिन हा मकारॉव्हचा पाहुणा म्हणून युद्धचित्रे काढण्यासाठी नौकेवर होता. तो मूळचा आरमारी विद्यालयाचा विद्यार्थी. १८७७ मध्ये डॅन्यूब नदीवर तुर्की जहाजावर सुरुंग नेणाऱ्या लहान नौकेवर असताना तो जखमी झाला होता. युद्धातील शौर्यापेक्षा त्यातील यातना रंगविणारा चित्रकार म्हणून त्याची कीर्ती होती व कवट्यांच्या ढिगाचे त्याचे चित्र सर्वश्रुत आहे. भारतात तो १८७४–७६ व १८८२-८३ असा दोनदा येऊन गेला. ताजमहालाची चित्रे, १८५७ च्या उठावातील कैद्यांना तोफेच्या तोंडी देण्याच्या शिक्षेवरील चित्र आणि १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या जयपूर-प्रवेशाची मिरवणूक दाखविणारे प्रचंड चित्र ही त्या प्रवासांची फळे होत. यांपैकी शेवटचे चित्र कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे.

परिणाम : पेट्रोपाव्हलॉव्हस्क बुडाल्यावर रशियन आरमार पुन्हा बंदरात शिरले. ५ मे रोजी जपानचे दुसरे सैन्य लिआउडुंग द्वीपकल्पावर उतरू लागले, तेव्हा समुद्रावर त्याला कोणीही अडविले नाही. सूत्रे आता रिअर ॲडमिरल व्हिल्गेल्म व्हिटगेफ्ट याच्याकडे आली. तो प्रामाणिक, परंतु स्वतःच्या सेनापतित्वाविषयी साशंक असलेला अधिकारी होता. १० ऑगस्ट रोजी व्ह्लॅडिव्हस्टॉकला निसटून जाण्याच्या प्रयत्नात तो पीत समुद्रातील लढाईत मारला गेला व आरमार विस्कटले. पोर्ट आर्थर २ जानेवारी १९०५ रोजी शरण गेले. जपानमध्येही मकारॉव्हविषयी आदर होता. ईशिकावा ताकुबोकू या तरुण जपानी कवीने शत्रूच्या या सेनापतीवर शोककाव्य रचले.

सुरुंगाचे शस्त्र लवकरच जपानवर उलटले. जपानी नौकाही पहारा करताना रोज एकाच मार्गाने जातात, हे हेरून ‘आमूर’ या रशियन जहाजाने १४ मे रोजी त्या मार्गावर सुरुंग पेरले आणि दुसऱ्याच दिवशी हात्सुसे व याशिमा या दोन जपानी युद्धनौका बुडाल्या. जपानकडे अशा सहाच नौका होत्या. हात्सुसेचा शेवट पेट्रोपाव्हलॉव्हस्कप्रमाणेच दारूगोळा पेटून झाला. याशिमा बुडाल्याची बातमी जपानने सु. वर्षभर दडवून ठेवली. मात्र जपानजवळ टोगो होता व त्याचे आरमार खचले नाही. दोर तुटून वाहत गेलेले सुरुंग युद्ध संपल्यानंतरही चीनच्या किनाऱ्यालगत फुटत राहिले आणि त्यांत अनेक निरपराध कोळी व नावाडी मेले. चीनच्या प्रतिनिधींनी हा प्रश्न १९०७ च्या हेग परिषदेत मांडला. नांगरापासून सुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे, असे बंधन त्या परिषदेच्या आठव्या करारात घालण्यात आले.

जोडनौकांपैकी पोल्टाव्हा वेढ्याच्या काळात बंदरातच बुडाली. ती जपानने वर काढून ‘टांगो’ या नावाने वापरली व १९१६ मध्ये रशियाला परत विकली. सेव्हास्टोपोल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून शरणागतीच्या वेळी तिच्या कप्तानाने खोल पाण्यात नेऊन बुडविली. मकारॉव्हचा पुतळा १९१३ मध्ये क्रॉनश्टाट येथे झारच्या उपस्थितीत उभारण्यात आला. पेट्रोपाव्हलॉव्हस्क हे नाव १९११ मध्ये जलावतरण झालेल्या एका ड्रेडनॉट युद्धनौकेस देण्यात आले. १९२१ च्या क्रॉनश्टाट येथील बंडात तिच्या खलाशांनी पुढाकार घेतल्यामुळे बंड मोडल्यावर तिचे नाव बदलून ‘मारात’ असे करण्यात आले. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन बाँबने तिचा पुढचा भाग दारूगोळा पेटून उडाला. उथळ पाण्यात टेकलेल्या अवस्थेतही तिच्या उरलेल्या तोफा लेनिनग्राडच्या रक्षणासाठी चालू राहिल्या आणि १९४३ मध्ये तिला जुने नाव परत मिळाले.